जर्मनीचा पहिला चॅम्पियन अकराव्या पातळीवर कसा गेला: लोकोमोटिव्ह लाइपझिगची गोष्ट

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला एक फुटबॉल मॅच झाली. पातळी अकरावी, म्हणजे तिथली सगळ्यात खालची. समोर आइन्ट्राख्ट ग्रोसडॉयबेन या छोट्या क्लबची दुसरी टीम, म्हणजे त्यांच्या पहिल्या टीममध्येही ज्यांना जागा मिळत नाही ती मंडळी. अशा मॅचला एरवी खेळाडूंच्या घरचे आणि आसपासचे वीस-पंचवीस जण उभे असतात. त्या दिवशी १२,४२१ माणसं आली, तिकीट काढून आली, आणि इतक्या खालच्या लीगमधल्या मॅचचं सगळ्यात मोठं पब्लिक म्हणून तो वर्ल्ड रेकॉर्ड धरला गेला.

हाच क्लब दहा वर्षांपूर्वी बुंडेसलीगात बायर्न म्युनिकशी खेळत होता. सतरा वर्षांपूर्वी अयाक्सविरुद्ध युरोपियन कप विनर्स कपची फायनल खेळला होता. आणि १०१ वर्षांपूर्वी अख्ख्या जर्मनीचा पहिला-वहिला चॅम्पियन झाला होता. नाव १. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग. फॅन्स नुसतं लॉक म्हणतात. रोमन अक्षरांत ते नाव लिहिलेलं पाहिलं की आपण मराठी माणसं 'लोक' असंच वाचणार, आणि मला तरी ते वाचणं जास्त बरोबर वाटतं, का ते पुढे कळेलच.

एवढा क्लब एवढा खाली कसा जाऊ शकतो हे समजायला आधी जर्मनीत क्लब म्हणजे काय ते बघायला लागेल. आयपीएलमुळे आपल्याला टीम म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो तो मालक कोण. तिथल्या जुन्या क्लबना मालकच नसायचा. क्लब म्हणजे फेराइन, म्हणजे आपल्याकडच्या वाचनालयासारखी किंवा गणेश मंडळासारखी नोंदणीकृत संस्था. सभासद वर्गणी भरतात, वर्षाला सभा होते, अध्यक्ष-खजिनदार निवडले जातात, हिशोब मांडले जातात आणि कोर्टाच्या रजिस्टरला नोंद असते. १९९८ मध्ये फुटबॉलचा विभाग वेगळा काढून त्याची कंपनी करायला परवानगी मिळाली, पण त्यातही निम्म्यापेक्षा एक मत जास्त मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे अशी अट घातली, ज्याला ५०+१ चा नियम म्हणतात.

आता यात तीन गोष्टी वेगळ्या करून बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. एक म्हणजे संस्था, रजिस्टरमधली नोंद. दुसरी लीगमधली जागा, जी दर वर्षी हिशोब तपासून लायसन्स देऊन मिळते आणि पैसे कमी पडले तर मैदानावर जिंकूनसुद्धा जाऊ शकते. आणि तिसरी माणसं, म्हणजे स्टँडमध्ये येणारी, सभासद असलेली, आजोबांनी बोट धरून पहिल्यांदा आणलेली. एरवी या तिन्ही गोष्टी एकत्र असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही. लॉकच्या बाबतीत त्या सुट्या झाल्या.

लीगची रचनाही चटकन सांगतो. सगळ्यात वर बुंडेसलीगा १८ टीम, खाली दुसरी बुंडेसलीगा १८, त्याखाली २००८ पासून तिसरी लीग २० टीम. इथपर्यंत अख्खा देश एका लीगमध्ये खेळतो. चौथ्या पातळीपासून तुकडे पडतात: रेगिओनाललीगा, देशाचे पाच भाग, प्रत्येकाची वेगळी लीग. त्याखाली ओबरलीगा, मग राज्य, मग जिल्हा असं करत करत पार गल्लीतल्या टीमपर्यंत. आणि हे सगळं एकाच शिडीने जोडलेलं आहे, जिंकत राहिलात तर तळातला क्लबसुद्धा वरपर्यंत जाऊ शकतो, त्यासाठी कुणाला फ्रँचायझी फी द्यायची नसते.

आता मूळ गोष्ट. जर्मन फुटबॉल संघटना, डीएफबी, स्थापन झाली तीच लाइपझिगमध्ये, २८ जानेवारी १९०० ला, मारीएनगार्टन नावाच्या रेस्टॉरंटमध्ये ८६ क्लब एकत्र येऊन. तीन वर्षांनी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ३१ मे १९०३ ला हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनाला कवायतीच्या मोकळ्या मैदानावर फायनल झाली. एकीकडे व्हीएफबी लाइपझिग, म्हणजे आजच्या लॉकचं तेव्हाचं नाव, आणि दुसरीकडे प्रागमधल्या जर्मन भाषिकांचा क्लब डीएफसी प्राग, कारण तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीत असलं तरी तिथले जर्मन क्लबही डीएफबीमध्ये होते. मॅच उशिरा सुरू झाली, कारण खेळण्यालायक बॉलच नव्हता, दुसरा शोधून आणावा लागला. लाइपझिगने ७-२ ने जिंकली. मग १९०६ आणि १९१३ ला परत चॅम्पियन. १९३६ चा जर्मन कपही त्यांनी घेतला, शाल्कला २-१ हरवून, आणि ते शाल्क म्हणजे त्या काळातली देशातली सगळ्यात दांडगी टीम.

शहराच्या आग्नेयेला प्रोब्स्टहाइडा नावाच्या भागात १९२२ पासून त्यांचं स्वतःचं स्टेडियम आहे. त्यातला जुना लाकडी स्टँड अजून उभा आहे. लॉक आजही तिथेच खेळतो.

१९४५ ला दोस्त राष्ट्रांनी जर्मनीतल्या जुन्या संस्था बरखास्त केल्या. पश्चिमेकडे बहुतेक क्लब काही वर्षांत जुन्या नावाने परत उभे राहिले, पूर्वेकडे रशियाच्या ताब्यातल्या भागात मात्र तसं होऊ दिलं नाही. 'बूर्ज्वा' क्लब नकोत, खेळ कारखान्यांशी, खात्यांशी, संघटनांशी जोडलेला पाहिजे, असं धोरण होतं. म्हणून पूर्व जर्मनीतल्या क्लबांची नावं आपल्याला विचित्र वाटतात, पण त्यात एक पद्धत आहे: डायनामो म्हणजे पोलीस आणि गुप्त पोलीस, फोरव्हेर्ट्स म्हणजे सैन्य, केमी म्हणजे रसायन उद्योग, लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वे. रणजी ट्रॉफीत आपल्याकडे रेल्वे आणि सर्व्हिसेसच्या टीम असतात, अख्खी लीग तशीच आहे अशी कल्पना करा. प्रोब्स्टहाइडाच्या या टीमचं नाव वीस वर्षांत पाच-सहा वेळा बदललं, मधे दुसऱ्या टीममध्ये मिसळली, परत वेगळी झाली, आणि शेवटी २० जानेवारी १९६६ ला १. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग हे नाव पडलं.

त्याआधी १९६३ ला लाइपझिगमध्ये जे घडलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अधिकाऱ्यांनी ठरवलं की शहरातले सगळे चांगले खेळाडू एका टीममध्ये घालायचे आणि उरलेले दुसरीकडे. निवडलेले गेले एससी लाइपझिगमध्ये, म्हणजे पुढे जी लॉक झाली त्या टीममध्ये, आणि उरलेले, ज्यांना 'लाइपझिगचा उरलासुरला' असंच म्हणायला लागले, ते गेले लॉयट्श भागातल्या केमी लाइपझिगमध्ये. आणि पहिल्याच सीझनला, १९६४ मध्ये, त्या उरल्यासुरल्यांनी पूर्व जर्मनीची चॅम्पियनशिप जिंकली. लॉक आणि केमीच्या फॅन्समधलं वैर तेव्हापासून घट्ट झालं आणि साठ वर्षांनंतरही शहर तसंच वाटलेलं आहे. लॉकला पूर्व जर्मनीची चॅम्पियनशिप कधीच मिळाली नाही. तीन वेळा दुसरा नंबर, चार वेळा कप, पण लीग नाही.

सगळ्यात जवळ आले ते १९८६ ला. तेव्हा लीगवर बर्लिनच्या बीएफसी डायनामोचा कब्जा होता, ज्याच्या पाठीशी गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिख मील्के उभा होता, आणि हा क्लब १९७९ ते १९८८ सलग दहा वर्षं चॅम्पियन झाला. २२ मार्च १९८६ ला लाइपझिगला लॉक विरुद्ध बीएफसी. लॉक १-० ने पुढे, ९० मिनिटं संपली, रेफ्री बर्न्ट श्टुम्फ खेळ संपवेना, आणि ९५ व्या मिनिटाला त्याने बीएफसीला पेनल्टी दिली. १-१. अख्ख्या देशात एवढा आरडाओरडा झाला की सरकारी यंत्रणेलाही गप्प बसता आलं नाही, श्टुम्फवर बंदी घातली गेली. सीझन संपला तेव्हा बीएफसी लॉकच्या दोन पॉइंटने पुढे होता. न्यायाने सांगायचं तर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कोनातून घेतलेलं शूटिंग समोर आलं आणि त्यात ती पेनल्टी अगदीच खोटी नव्हती असं दिसतं. पण रेफ्री बीएफसीला झुकतं माप देतात हे त्या काळी सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्या एका निर्णयावर दहा वर्षांचा राग निघाला.

पुढचं वर्ष मात्र लॉकचंच. कप विनर्स कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या आपापल्या देशाचा कप जिंकलेल्या क्लबांच्या स्पर्धेत, ग्लेंटोरान, रापिड व्हिएन्ना, सिओं यांना हरवून सेमी फायनलला फ्रान्सचा बोर्दो. बोर्दोला जाऊन १-० ने जिंकले. २२ एप्रिल १९८७ ला परतीची मॅच लाइपझिगच्या त्सेंट्राल स्टेडियममध्ये, अधिकृत आकडा ७३ हजारांचा पण स्टेडियममध्ये लाखाच्या वर पब्लिक होतं असं तिथे असलेले सगळे सांगतात. लॉक ०-१ हरले, दोन्ही मॅच मिळून बरोबरी, पेनल्टी शूटआउट. गोलकीपर रेने म्युलरने पेनल्टी अडवली आणि मग स्वतःच शेवटची पेनल्टी मारायला पुढे आला. गोल. ६-५. गोलकीपरने बॉल ठेवला, लांबून पळत आला आणि जाळीत मारून सरळ पब्लिकच्या दिशेने धावत सुटला, ती क्लिप अजूनही लाइपझिगमध्ये लहान पोरांना दाखवतात म्हटलं तरी मला पटेल. १३ मे ला अथेन्सला फायनल, समोर योहान क्रॉयफ कोच असलेलं अयाक्स. २१ व्या मिनिटाला मार्को व्हान बास्टेनने हेडर मारला आणि मॅच तिथेच ०-१ वर राहिली.

अडीच वर्षांनी बर्लिनची भिंत पडली.

नव्वदच्या दशकात पूर्वेकडच्या क्लबांचं काय झालं याला बरेच जण 'त्यांना भांडवलशाही जमली नाही' एवढंच म्हणून सोडून देतात, ते मला मान्य नाही. रेल्वे, कारखाने, सरकारी खाती यांचा पैसा एका रात्रीत बंद झाला. कारखानेच बंद पडत होते तर स्पॉन्सर कुठून आणायचा. चांगले खेळाडू पश्चिमेकडच्या श्रीमंत क्लबांनी एकेक करून उचलले. आणि १९९१ ला दोन्ही देशांच्या लीग एकत्र करताना पूर्वेच्या १४ पैकी फक्त दोन टीम बुंडेसलीगात घेतल्या, हान्सा रोस्टॉक आणि डायनामो ड्रेस्डेन, सहा टीमना दुसऱ्या बुंडेसलीगात जागा मिळाली आणि बाकीचे त्याच्याही खाली. लॉक सातव्या नंबरवर होता, पात्रता फेरी खेळून दुसऱ्या बुंडेसलीगात घुसला. त्याच वर्षी नावही बदललं, जुनं व्हीएफबी लाइपझिग परत घेतलं, कारण नव्या जर्मनीत रेल्वेइंजिनापेक्षा 'पहिला जर्मन चॅम्पियन' हे नाव जास्त विकलं जाईल असं तेव्हाच्या मंडळींना वाटलं.

१९९३ ला कोच युर्गन झुंडरमानच्या हाताखाली तिसरे येऊन ते बुंडेसलीगात गेलेसुद्धा. एकच वर्ष टिकले. पूर्ण सीझनमध्ये तीन विजय, शेवटचा नंबर. मग १९९८ ला दुसऱ्या बुंडेसलीगातून बाहेर, १९९९ ला दिवाळखोरी, तिथून सावरतायत तोवर चौथी पातळी, आणि २००४ ला दुसरी दिवाळखोरी. या वेळी काही उरलं नाही. लीगमधली जागा गेली, टीम बंद झाली.

पण फॅन्सनी वाट बघितली नव्हती. क्लब जाणार हे दिसत होतं तेव्हाच, १० डिसेंबर २००३ ला, त्यांनी आपली नवी संस्था नोंदवायची ठरवली होती आणि नाव ठेवलं तेच, १. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग. अध्यक्ष झाला श्टेफन कुबाल्ड, स्टँडमध्येच वाढलेला माणूस. नव्या संस्थेला लीगमध्ये जागा नसते, त्यामुळे शिडीच्या तळाशी जाऊन उभं राहायचं, म्हणजे ड्रिटे क्राइसक्लासे, अकरावी पातळी. आणि मग ते १२,४२१ लोक. ते ग्रोसडॉयबेनची दुसरी टीम बघायला आले नव्हते, आणि खरं सांगायचं तर चांगला फुटबॉल बघायलाही आले नव्हते. क्लब अजून आहे की नाही याचं उत्तर देणारा रजिस्टरमधला कागद नव्हता आणि लायसन्सही नव्हतं, म्हणून ते स्वतः येऊन बसले.

पुढच्याच वर्षी टोरगाऊ नावाच्या गावातल्या क्लबशी विलीनीकरण करून मधल्या काही पायऱ्या त्यांनी एकदम ओलांडल्या आणि २००८ पर्यंत ओबरलीगा, म्हणजे तेव्हाची पाचवी पातळी गाठली. २०१२ ला रेगिओनाललीगा, २०१४ ला परत खाली, २०१६ ला परत वर, तेव्हा कोच होता हाइको शोल्त्स, १९८७ च्या टीममधलाच.

आता जी बाजू बरेच फॅन्स टाळतात ती. लॉकच्या स्टँडमध्ये अतिउजव्या, उघड नाझी विचारांच्या टोळ्या अनेक वर्षं होत्या. २००६ ला एका युवा मॅचमध्ये काही जणांनी स्टँडमध्ये एकमेकांना खेटून उभं राहून मानवी स्वस्तिक केलं. २००७ च्या फेब्रुवारीत एर्त्सगेबिर्गे आऊएच्या दुसऱ्या टीमविरुद्धच्या कप मॅचनंतर शेकडो हुलिगन पोलिसांवर तुटून पडले, इतकं की पुढच्या वीकेंडच्या साक्सन राज्यातल्या मॅचेस रद्द कराव्या लागल्या. क्लबने बंदी घातली, युवा विभाग, शाळांमधलं काम असं बरंच काही केलं, पण लोकांनी उभा केलेला क्लब म्हणजे त्यात असलेही लोक येतात, आणि त्यांना बाहेर काढायला मालक नसतो, सभासदांनाच ते करावं लागतं, दर वर्षी, दर सभेत. मला या क्लबबद्दल प्रेम आहे आणि म्हणूनच हे लपवून ठेवायला नको वाटतं.

याच काळात शहराच्या दुसऱ्या बाजूला वेगळंच घडलं. २००९ ला रेड बुल कंपनीने मार्क्रानश्टेट नावाच्या शेजारच्या गावातल्या क्लबची पाचव्या पातळीवरची जागा घेतली. वरचे तीन भाग आठवा: संस्था नवी, माणसं अजून नाहीत, पण लीगमधली जागा तयार. स्पॉन्सरचं नाव क्लबला देता येत नाही म्हणून 'रासेनबॉलश्पोर्ट' असं नाव ठेवलं, ज्याचं लघुरूप आरबी. ५०+१ चा नियम कागदावर पाळला, पण मतदानाचा हक्क असलेले सभासद मोजके, बहुतेक कंपनीशी संबंधित. सात वर्षांत, २०१६ ला, बुंडेसलीगा. ज्या त्सेंट्राल स्टेडियममध्ये रेने म्युलरने पेनल्टी मारली तिथे २००६ च्या वर्ल्ड कपसाठी नवीन स्टेडियम बांधलं गेलं होतं, ते आता त्यांचं घर. आरबीचे फॅन्स खोटे आहेत असं मी म्हणणार नाही, लाइपझिगला वर्षानुवर्षं वरच्या पातळीचा फुटबॉल नव्हता आणि पोराला घेऊन सुरक्षितपणे मॅचला जावंसं वाटणारी हजारो कुटुंबं होती. पण पंधरा किलोमीटरच्या आत एक क्लब जवळजवळ सभासदांशिवाय पाचवीपासून पहिलीपर्यंत गेला आणि दुसरा फक्त सभासदांवर अकरावीपासून चौथीपर्यंत, हे एकाच नियमाखाली झालं.

आणि चौथीतच अडकला. हा भाग नीट समजून घ्या कारण यावर तिकडे आजही भांडणं चालू आहेत. रेगिओनाललीगा पाच, पण तिसऱ्या लीगमध्ये वर जायच्या जागा चार. म्हणजे पाच चॅम्पियनपैकी एकाला चॅम्पियन होऊनही वर जाता येत नाही. सध्याच्या पद्धतीत पश्चिम आणि नैर्ऋत्य भागाचे चॅम्पियन थेट वर जातात, उरलेल्या तीन भागांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा आणि दोघांमध्ये दोन मॅचचा प्लेऑफ. ३४ मॅच खेळून पहिलं यायचं आणि मग एका आठवड्यात सगळं पणाला. 'चॅम्पियन वर गेलाच पाहिजे' अशी घोषणा पूर्वेकडच्या सगळ्या क्लबांचे फॅन्स, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा, एकत्र देतात.

२०२० च्या मे मध्ये कोरोनात मॅचेस बंद, गेटचा पैसा शून्य. लॉकने ८ मे ला 'अदृश्य प्रतिस्पर्ध्या'विरुद्ध मॅच जाहीर केली, न होणाऱ्या मॅचचं १ युरोचं तिकीट, आणि १९८७ च्या सेमी फायनलच्या पब्लिकचा रेकॉर्ड मोडायचा असं आवाहन केलं. १ लाख ८० हजारांहून जास्त तिकिटं गेली. अर्धवट राहिलेल्या सीझनच्या सरासरीवर ते चॅम्पियन ठरले आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्लेऑफला समोर आला पश्चिमेचा एससी फेर्ल. लाइपझिगला २-२, परतीला १-१. एकही मॅच हरले नाहीत. पण तेव्हा दुसऱ्याच्या मैदानावर केलेले गोल जास्त धरायचे, म्हणून फेर्ल वर गेला.

मधल्या काळात त्यांनी एक काम केलं ज्याचं बाहेर फार कौतुक झालं नाही. जुनी व्हीएफबी लाइपझिग ही संस्था दिवाळखोरीत असली तरी रजिस्टरमधून पूर्ण पुसली गेली नव्हती. ती प्रक्रिया निस्तरून लॉकच्या सभासदांनी तिचं आपल्या संस्थेत विलीनीकरण केलं. म्हणजे १९०३ चं जेतेपद आता फक्त भावनेने नाही, कागदानेही त्यांचं. माणसं आधी परत आली होती, संस्था नंतर आली. लीगमधली जागा तेवढी राहिली.

२०२५ ला परत चॅम्पियन. परत प्लेऑफ, या वेळी उत्तरेचा टीएसव्ही हाफेल्से, हॅनोवरजवळचा छोटा क्लब. पहिली मॅच १-१. दुसरी प्रोब्स्टहाइडाला, स्वतःच्या घरी, एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि ०-३ ने हरले.

त्याच ऑगस्टमध्ये जर्मन कपच्या पहिल्या राउंडला शाल्क त्यांच्याकडे आला, १९३६ च्या फायनलमधलाच प्रतिस्पर्धी. लॉक ९० मिनिटं ०-० टिकले आणि एक्स्ट्रा टाइममध्ये एका गोलने हरले. मॅचमध्ये शाल्कच्या एका काळ्या खेळाडूने प्रेक्षकांतून वंशद्वेषी शिवी आल्याची तक्रार केली आणि रेफ्रीला खेळ थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी देशभर बातमी झाली ती त्याचीच, १२० मिनिटं धावलेल्या चौथ्या पातळीवरच्या टीमची नाही. तो सीझनही ते रेगिओनाललीगातच खेळले.